ढिली आयरिस आणि चार प्रकारचं व्हिस्को: दहा महिन्यांच्या वापरानंतर

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) जखमेतून, म्हणजे आपणच केलेल्या छेदातून, डोकावली की हात आपसूक व्हिस्कोच्या, म्हणजे डोळ्यात जागा करणाऱ्या जेलच्या, सिरिंजकडे जातो. चार वेगवेगळी जेल दहा महिने आलटून पालटून वापरल्यावर आमचं मत झालंय की नेमकं तिथेच बिघडतं. आयरिस बाहेर येते ती आतला दाब वाढल्यामुळे. त्यात आणखी जेल भरणं म्हणजे उतू जाणाऱ्या दुधाखालचा गॅस मोठा करणं.

कंपन्यांची नावं टाळतो. घटक आणि टक्केवारी डब्यावर छापलेली असते आणि जेल कसं वागणार ते बरंचसं त्यावर ठरतं. पहिलं आपलं नेहमीचं 2 टक्के एचपीएमसी, म्हणजे ‘मिथाइल’. स्वस्त, फ्रिज नको, साध्या मोतीबिंदूला पुरेसं. पण पातळ. ढिल्या आयरिसवर ते वजन म्हणून टिकत नाही, पाणी सुरू झालं की निघून जातं. दुसरं 3 टक्के सोडियम हायल्युरोनेट आणि 4 टक्के कॉन्ड्रॉइटिन सल्फेटचं मिश्रण. हे चिकटून बसतं, कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) आतल्या थराला आणि आयरिसच्या कडेला लेपासारखं राहतं. तिसरं 1.4 टक्के हायल्युरोनेट, घट्ट आणि एकसंध. जागा छान करून देतं, पण ओढलं की गोळाच्या गोळा बाहेर येतो, आणि नको त्या वेळी आला तर बाहुली मिनिटात आकसते. चौथं 2.3 टक्क्यांचं हायल्युरोनेट. प्रवाह कमी असेल तर दगडासारखं जागेवर बसतं, प्रवाह वाढला की तुकडे होऊन उडतं. बाहुली नुसत्या जेलने रुंद करायची असेल तर या चौघांत हेच खरं. महाग आहे, त्यामुळे यादीतल्या ठरावीक डोळ्यांनाच.

ती यादी ओपीडीत बनते. टॅम्सुलोसिनमुळे (प्रोस्टेट वाढल्यावर देतात त्या गोळीमुळे) आयरिस ढिली पडते हे नेत्रसर्जन डेव्हिड चँग आणि जॉन कॅम्पबेल यांनी 2005 साली मांडलं: पाण्यात शिडासारखी हलणारी आयरिस, जखमेकडे तिची धाव, आणि ऑपरेशनभर आकसत जाणारी बाहुली. गोळी आधी बंद करून भरवशाचा फायदा होत नाही, उलट लघवी अडकायची. म्हणून बंद करायला सांगत नाही, फक्त नोंद करतो. गोव्यात नुसतं ‘प्रोस्टेटची गोळी घेता का’ विचारून भागत नाही. ‘रातचे कितले फावट लघवेक उठटात?’ असं कोकणीत विचारलं की पिशवीतून पट्टी बाहेर येते. निवृत्त तारवटी (जहाजावर नोकरी केलेले) असले तर मुलांनी परदेशातून पाठवलेल्या गोळ्या असतात. त्यांचं नाव ओळखीचं नसतं, म्हणून पट्टीवरचा घटक वाचायचा. त्याच गटातलं सिलोडोसिनही तितकंच त्रासदायक. आणि बायकांना विचारायचं राहून जातं. मुतखड्यासाठी त्यांनाही टॅम्सुलोसिन दिलेलं असतं.

आता क्रम. साइड पोर्ट (बाजूचा छोटा छेद) केल्यावर आधी औषध, मग जेल. उलटं केलं तर औषध जेलवर तरंगतं, आयरिसपर्यंत पोचतच नाही. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं 1:1000 अ‍ॅड्रिनलिन 1 मिली घेऊन त्यात 3 मिली बीएसएस (डोळ्यात वापरायचं क्षारांचं पाणी) घालतो. न पातळ करता घातलं तर ते आम्ल असतं. बाहुली फारशी मोठी झाली नाही तरी आयरिस ताठ होते, आणि आपल्याला हवा असतो तो ताठपणाच. मग चिकट जेल आयरिसच्या कडेवर गोल फिरवून, मुख्य जखमेच्या आतल्या तोंडाशी जरा जास्त. त्यानंतर 2.3 टक्क्यांचं मध्यभागी, भिंगाच्या पुढच्या पृष्ठावर टेकवून हळू. ते पसरताना चिकट जेल कडेला दाबून धरतं आणि बाहुली डोळ्यांदेखत उघडत जाते. ही मूळ कल्पना नेत्रसर्जन स्टीव्ह आर्शिनॉफ यांच्या 1999 च्या ‘सॉफ्ट शेल’ पद्धतीची, म्हणजे दोन जेलांच्या थरांची.

कॅन्युलाचं (जेल सोडायच्या बोथट सुईचं) टोक सतत आयरिसच्या वर हवं. टोक बाहुलीच्या कडेखाली गेलं की जेल आयरिसला खालून उचलतं, आणि ती जखमेकडे निघते. चेंबर (कॉर्निया आणि आयरिसमधली जागा) गच्च भरायचाही मोह टाळावा. बाहुली उघडली की थांबायचं.

रेक्सिस, म्हणजे भिंगाच्या पिशवीला पुढून गोल तोंड पाडणं, सहसा सुखात होतं. गडबड हायड्रोच्या वेळी, म्हणजे पाणी सोडून भिंग पिशवीपासून सुटं करताना. चेंबर जेलने भरलेला, त्यात भिंगामागे पाणी ढकललं, बाहेर पडायला वाट नाही. मग ते आयरिसला पुढे करून जखमेतून निघतं. म्हणून हायड्रोआधी जखमेचा मागचा ओठ कॅन्युलाने किंचित दाबून थोडं जेल सोडायचं, पाणी थेंबाथेंबाने द्यायचं, आणि मध्येच न्यूक्लियस (भिंगाचा गाभा) हलकेच दाबून मागचं पाणी पुढे येऊ द्यायचं.

फेकोला, म्हणजे अल्ट्रासाउंडने भिंग फोडून ओढून घेताना, आमचे आकडे: प्रवाह मिनिटाला 22 मिली, व्हॅक्यूम 200, पाण्याची बाटली खाली. 2.3 टक्क्यांच्या जेलचा फायदा हवा असेल तर प्रवाह 25 च्या खालीच ठेवावा लागतो. अल्ट्रासाउंड लावण्याआधी भिंगासमोरचं जेल थोडं ओढून पाण्याची पोकळी करायची. हे विसरलं तर टिपमध्ये जेल अडकतं, पाणी वाहत नाही, आणि जखम भाजते. टिपच्या तोंडाशी दुधी ढग दिसला की लगेच पेडलवरून पाय उचलायचा.

एवढं करूनही आयरिस आलीच तर? पेडल सोडा, पाणी बंद. ज्या जखमेतून आली त्याच जखमेतून तिला ढकलू नका. तिचा रंग उडतो, पोत जातो, आणि मग ती परत परत येते. साइड पोर्टचा ओठ दाबून आतलं जेल-पाणी सोडा. डोळा मऊ झाला की बऱ्याचदा आयरिस आपणच आत सरकते. नाही सरकली तर कॉर्नियावरून जखमेच्या जागी बोथट हुकने हलकं चोळा. मग साइड पोर्टमधून चिकट जेलचा मुगाच्या दाण्याएवढा ठिपका जखमेच्या आत, आयरिसच्या वर. बस्स. दुसऱ्यांदा आली तर जेलचा हट्ट सोडून मुख्य जखमेच्या मागे वेगळी वाट करून तिथे एक आयरिस हुक घालायचा. तो आयरिसला खाली ओढून धरतो. आतलं जेल-पाणी सोडूनही डोळा दगडासारखा घट्ट राहिला, तर कारण आयरिसचं नाही. तिथे थांबून डोळ्याच्या मागच्या भागात काय चाललंय ते बघावं.

बाहुली ताणून मोठी करण्याचा जुना उपाय टॅम्सुलोसिनच्या आयरिसवर चालत नाही. ती रबरासारखी परत येते. जुन्या सुजेने भिंगाला चिकटलेल्या आयरिसची गोष्ट निराळी. तिथे कॅन्युला मुद्दाम आयरिसखाली घालून जेलने चिकटे सोडवायचे, ताणणंही चालतं. एसआयसीएसमध्ये (फेको मशीनशिवाय, छोट्या छेदातून हाताने केलेल्या ऑपरेशनमध्ये) टनेल, म्हणजे बोगद्यासारखा छेद, आत लवकर उघडलं असेल तर कुठलंच जेल तारत नाही. ते बंद करून दुसरीकडे टनेल करणं बरं.

तक्रारी. सिरिंजवर कॅन्युला नीट फिरवून घट्ट बसली नसेल तर घट्ट जेल दाबताना ती सुटून बाणासारखी डोळ्यात घुसू शकते. लुअर लॉक (फिरवून बसणारी खाच) असला तरी पहिला थेंब डोळ्याबाहेर काढून पाहतो आणि दुसऱ्या हाताने मुळाशी धरतो. हायल्युरोनेटला 2 ते 8 अंश लागतात. जूनमध्ये फोंड्यापासून पेडण्यापर्यंत वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून फ्रिजमध्ये कमाल-किमान थर्मामीटर आणि सकाळ-संध्याकाळ नोंद. थंडगार जेल मात्र तसंच वापरू नये. आधी अडतं, मग एकदम पिचकारी मारतं. अर्धा तास बाहेर ठेवतो. मिथाइलमध्ये बुडबुडे फार. सिरिंज उभी धरून घालवले नाहीत तर ऐन रेक्सिसला समोर येतात.

शेवटचा भाग कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा: जेल काढणं. 2.3 टक्क्यांचं थोडं जरी राहिलं तरी दाब चढतो, चढण साधारण 4 ते 8 तासांत सगळ्यात जास्त. आय-एची (पाणी सोडत ओढून घेणाऱ्या नळीची) टिप आधी नव्या भिंगाच्या मागे घालून तिथलं ओढायचं, मग समोरचं, मग भिंग डावी-उजवीकडे हलवून कोपऱ्यातलं. चिकट जेलचा लेप थोडा राहतोच, त्याच्या मागे लागून भिंगाची पिशवी फाडण्यात अर्थ नाही. काचबिंदू असलेल्यांना, मूत्रपिंड आणि सल्फाची अ‍ॅलर्जी विचारून, रात्री अ‍ॅसेटाझोलामाइड 250 मिग्रॅ. काणकोण किंवा वाळपईपलीकडे जाणाऱ्यांना दुपारच्या बसने सोडत नाही. संध्याकाळी दाब मोजूनच. घरच्यांनाही सांगून ठेवतो की रात्री डोकं दुखून उलटी झाली तर ती पित्ताची समजून सोलकढी पाजत बसू नका, फोन करा.