‘बटरफ्लाय गार्डन कॉम्बो’चा दीड वर्षानंतरचा रिव्ह्यू (फुलांना पैकीच्या पैकी, बाकीचं जरा ऐका)

दीड वर्ष थांबून मग लिहितेय. नर्सरीचे रिव्ह्यू बघा तुम्ही, सगळे झाड घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेले असतात, पॅकिंग मस्त, झाड फ्रेश, पाच स्टार. अहो पण झाड कसं निघालं ते एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढल्याशिवाय कळतं का?

तर आम्ही पुण्यात राहतो, तळमजला, पुढे साधारण दहा बाय बारा फुटांची मातीची पट्टी, सोसायटीने "तुमची तुम्ही सांभाळा" म्हणून सोडून दिलेली. गवत आणि कोणाकोणाच्या पंक्चर सायकली एवढंच होतं तिथे. शहराबाहेर हायवेला नर्सऱ्यांची रांगच आहे, त्यातल्या एका मोठ्या नर्सरीत मागच्या वर्षी जूनमध्ये गेले होते. नाव लिहीत नाही, कारण माझी जी मुख्य तक्रार आहे ती नंतर चार ठिकाणी विचारल्यावर तीन ठिकाणी तशीच निघाली.

कॉम्बो 1499 ला होता, दहा झाडं, घरपोच द्यायचे 200 वेगळे. त्यात पेंटास 3 (लाल, गुलाबी, पांढरा), मिनी इक्झोरा 2, बुटकी घाणेरी 2 (त्यांच्या पाटीवर "लँटाना", घाणेरी म्हटलं की कोण पैसे देणार), एक हॅमेलिया, एक डुरांटा आणि एक "बटरफ्लाय बुश" म्हणजे बडलिया.

पेंटास घ्या, डोळे झाकून घ्या. त्यातही लाल घ्या. माझ्याकडे तिन्ही रंग एकाच ओळीत आहेत, ऊन सारखं, पाणी सारखं, तरी पांढऱ्यावर एखादं फुलपाखरू चुकून बसतं आणि लालवर लाईन लागलेली असते. लांब बारीक नळीची फुलं, एका गुच्छात वीस-पंचवीस, त्यामुळे एकदा बसलं की सोंड एका फुलातून काढून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, अख्खा गुच्छ संपवूनच उठतं, आपल्याकडे पंगतीत बसल्यासारखं. पाच-सहा तास ऊन मात्र हवं, आणि सुकलेले गुच्छ खुडत राहायचं, नाहीतर झाड नुसतंच उंच काटकुळं होतं. दीड वर्षात माझ्या लाल पेंटासला फूल नाही असे फार तर पंधरा दिवस गेले असतील.

इक्झोराने रडवलं. कोकणात आजोळी याच्याच मोठ्या भावाला पेंटगूळ म्हणायचे, देवळामागे माजलेलं असायचं, कोणी बघायचं पण नाही त्याच्याकडे. इथे दोन महिन्यांत पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. दोन कारणं सापडली. एक म्हणजे पाणी, आमच्याकडे बोअरचं जड पाणी आणि इक्झोराला आम्लधर्मी माती लागते, त्यामुळे मातीत लोह असून झाडाला मिळत नाही. दुसरं म्हणजे काळी पिशवी कापली तर आत चिकणमातीचा गोळा, अक्षरशः विटेसारखा. नर्सरीवाले याला "आंध्राचा माल" म्हणतात, कडियमकडून ट्रक भरून येतो, तिकडची चिकट माती, प्रवासात गोळा फुटत नाही म्हणून त्यांना बरी, पण आपल्या जमिनीत तसाच ठेवला की बाहेरून पाणी आत जात नाही आणि आतलं बाहेर येत नाही. मी तो गोळा बादलीत भिजवून अर्धा सोडवला, शेणखत घातलं, आणि शेतीच्या दुकानातून हिराकस (म्हणजे फेरस सल्फेट, त्यात लोह असतं) आणून चिमूटभर पाण्यात घालून दिलं. महिन्याभरात नवी पानं हिरवी आली. हे घेताना सांगायला दोन मिनिटं लागली असती, कोणी सांगितलं नाही, इथे एक स्टार कापला. पण फुलायला लागल्यावर ऑक्टोबरमध्ये एका सकाळी चक्क नीलवंत आला. ब्लू मॉरमॉन, 2015 पासून आपलं राज्य फुलपाखरू. तळहाताएवढा, काळ्यावर निळा, आणि हा बसत नाही हो नीट, फुलावर टेकून पंख फडफडवतच रस पितो. फोन आणायला आत गेले आणि गेला तो.

बाकीचे भराभर. घाणेरी बारा महिने फुलते आणि बारकी फुलपाखरं भरपूर येतात, गुच्छात मधली पिवळी फुलं ताजी असतात, सोंड बरोब्बर तिथेच जाते. पण "हायब्रीड आहे, बी धरत नाही" असं सांगून दिलेल्या दोनपैकी एकाने मस्त काळी फळं धरली आणि बुलबुल ती खायला यायला लागले. आमच्या मागे टेकडी आहे, तिथे आधीच घाणेरीचं रान माजलंय, त्यात आपली भर नको म्हणून ते झाड काढलं. हॅमेलिया चांगला, शिंजीर (ते चिमुकले सूर्यपक्षी) पण येतात, पण तो पठ्ठ्या बघता बघता माझ्या डोक्यावरून गेला, लहान जागेत बुटका मागून घ्या. डुरांटा ठीक. बडलिया मूळचा चीनकडचा, थंडीत रमणारा, गुगलवर फोटो बघून आपण भुलतो, एप्रिलच्या उन्हात आठ दिवसांत काडी झाली त्याची. रिप्लेसमेंट गॅरंटी तीस दिवसांची, संपलेली.

आता मुख्य गोष्ट. फुलं आली, फुलपाखरं आली, प्यायली, गेली. हॉटेल झालं आपलं. राहायला कोणी तयार नाही, कारण राहायला पानं लागतात. मादी अंडी वाटेल तिथे घालत नाही, अळीला जे पान चालतं त्याच झाडावर घालते, आणि प्रत्येकीचं झाड ठरलेलं. कॉमन मॉरमॉन आणि लाईम बटरफ्लायला लिंबू, कढीपत्ता. प्लेन टायगरला रुई. कॉमन क्रोला कण्हेर. टेल्ड जेला तो सोसायट्यांमधला उंच सरळ अशोक. कॉम्बोच्या दहा झाडांत यातलं एकही नाही! ठाण्याला घोडबंदर रोडवर ओवळेकर वाडी आहे ना फुलपाखरांची, बहिणीबरोबर गेले होते, तिथे फुलांची झाडं आणि अळ्यांची झाडं दोन्ही शेजारी शेजारी लावलेली, तेव्हा माझी ट्यूब पेटली.

मग मागच्या वर्षीच ऑगस्टमध्ये त्याच नर्सरीतून 250 ला लिंबाचं कलम आणलं. माणूस म्हणे, "मॅडम, लिंबावर अळी फार पडते हां." म्हटलं मला तीच हवीये. तो माझ्याकडे बघतच राहिला. दहा दिवसांत कॉमन मॉरमॉनच्या मादीने कोवळ्या पानांवर एकेक अंडं ठेवलं, पिवळसर, मोहरीपेक्षाही बारीक. मी आणि मुलगा रोज भिंग घेऊन. नऊ अळ्या निघाल्या, पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात लहानपणी, शत्रूने बघून तोंड फिरवावं म्हणून. आणि दोन दिवसांत नऊच्या नऊ मेल्या. काळ्या पडून पानालाच चिकटलेल्या. मुंग्या नाहीत, गांधीलमाशी नाही, पाऊस पण नव्हता.

फोन केला तर पलीकडून एकदम अभिमानाने, "आम्ही माल पाठवायच्या आधी मुळाशी औषध देतो मॅडम, तीन-चार महिने किडीचं टेन्शनच नाही!"

आंतरप्रवाही कीटकनाशक. मुळातून वर चढतं, पानात जातं, फुलाच्या रसातही उतरतं. म्हणजे पाटीवर फुलपाखराचं चित्र आणि आत हे. कॉम्बोच्या झाडांनाही दिलं होतं का विचारलं तर "सगळ्यालाच देतो." मुलाने मला विचारलं, मग जी फुलपाखरं जूनपासून पेंटासवर पीत होती त्यांचं काय झालं? काय सांगणार त्याला.

लिंबाची तेव्हाची पानं मी खुडून टाकली आणि सरळ पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाट बघितली. दरम्यान आमचे माळीमामा, ते हे सगळं बघत होते, एक दिवस कुठल्याशा बंगल्यातून हळदीकुंकवाचं रोप घेऊन आले. लाल-केशरी फुलं, रुईच्याच जातकुळीतलं. "ताई, वीस रुपये द्या चहाला, याच्यावर येतात बघा तुमचे पाहुणे." चीक निघतो त्याचा, डोळ्यात जाऊ द्यायचा नाही, हेही त्यांनीच सांगितलं (नर्सरीवाल्या, ऐकतोयस का). यंदा जुलैत त्यावर प्लेन टायगरच्या अळ्या, काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, अंगावर तीन जोड्या काळ्या शिंगांच्या. झाडाचा पार खराटा केला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पैसे देऊन झाड आणायचं आणि अळ्यांना घालायचं?" पण एक अळी रांगत रांगत चपलांच्या स्टँडपर्यंत आली आणि वरच्या फळीखाली उलटी लटकून तिने कोष केला, फिकट हिरवा, वर सोनेरी ठिपके, सोनाराने बसवल्यासारखे, तेव्हापासून त्या फळीवर चपला ठेवायला घरात सगळ्यांना बंदी, आणि ही बंदी सासूबाईंनीच घातली.

आदल्या रात्री कोष काळपट झाला, आतून केशरी पंख दिसायला लागले. सकाळी सव्वासातला फट पडली आणि दोन-तीन मिनिटांत बाहेर. सुरुवातीला फुलपाखरू वाटतच नाही, पोट फुगलेलं, पंख पिळून ठेवलेल्या फडक्यासारखे. मग त्या रिकाम्या कोषालाच धरून लटकलं आणि पंख हळूहळू खाली सुटत गेले, इस्त्री केल्यासारखे सपाट. एक लालसर थेंब फरशीवर पडला. सासूबाई म्हणाल्या, "सुटली बिचारी," आणि स्वतः फडकं आणून फरशी पुसली. चहा गार झाला सगळ्यांचा, मुलाची स्कूलबस गेली.

लिंबावरच्या अळ्याही यंदा जगल्या. मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात, आणि डिवचलं की डोक्यामागून लालसर शिंग बाहेर काढतात दुफाट्याचं, त्याला सडक्या लिंबासारखा उग्र वास येतो. मुलगा मित्रांना बोलावून तो वास दाखवायचा, मी नंतर बंद केलं, अळीला पण त्रास ना. अकरा होत्या, चार कोषापर्यंत पोचल्या, बाकीच्या बुलबुलांनी नेल्या, चालायचंच, त्यांनाही पिल्लं आहेत.

तर हिशोब. झाडांची तब्येत आणि डिलिव्हरी, साडेचार. माहिती देणं, दीड. "बटरफ्लाय गार्डन" हे नाव लावून मुळाशी औषध, शून्य, याच्यात कमी देता येत नाही म्हणून. एकूण पाचपैकी तीन देतेय ते निव्वळ लाल पेंटासमुळे. कॉम्बो घेऊ नका. सुटी तीन लाल पेंटास, एक इक्झोरा एवढंच घ्या, घेतानाच "मुळाशी काय घातलंय" हे तोंडावर विचारा. लिंबू-कढीपत्ता शक्यतो ओळखीतून आणा, कुणाच्या अंगणात कढीपत्त्याचे फुटवे उगवलेलेच असतात, फुकट मिळतात.

मागच्या आठवड्यात त्यांचा पुन्हा फोन आला होता, नवीन कॉम्बो आलाय म्हणून. म्हटलं कॉम्बो राहू दे, पपनस आहे का? नीलवंत अंडी घालतो त्याच्यावर. म्हणे मागवून देतो, सहाशे पडतील. म्हटलं चालेल, पण औषध न घातलेलं हवं. जरा वेळ शांतता, मग मागे कोणाला तरी ओरडून विचारलेलं ऐकू आलं, "ए, बिनऔषधाचं झाड आहे का रे एखादं?"

करतो म्हणाला फोन. अजून आलेला नाही.