जावातील ‘व्हार’: वाचणाऱ्याच्या बाजूने एक परीक्षण

जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या दहाव्या आवृत्तीत, मार्च २०१८ मध्ये, ‘व्हार’ हा शब्द आला. स्थानिक व्हेरिएबलचा (मेथडच्या, म्हणजे कोडच्या एका नावाच्या तुकड्याच्या, आत वापरायच्या नावाचा) टाइप, म्हणजे त्यात आकडा राहणार की मजकूर की आणखी काही, हे आपण लिहायचे नाही; उजवीकडची किंमत पाहून तो कंपायलरने, म्हणजे कोडचे भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने, ठरवायचा, एवढीच ही सोय आहे. सी शार्पमध्ये ती २००७ पासून होती, सी प्लस प्लसमध्ये २०११ च्या मानकापासून ‘ऑटो’ होता. जावाने उशीर केला खरा. दहाव्या आवृत्तीची अद्यतने सहाच महिने मिळणार असल्यामुळे आमच्या बिलिंग प्रणालीत ‘व्हार’ अकराव्या आवृत्तीबरोबर शिरला, आणि तेव्हापासून तो माझ्या रोजच्या वापरात आहे.

जावास्क्रिप्टकडून आलेल्या नव्या सहकाऱ्यांचा एक गैरसमज मला वारंवार दूर करावा लागतो. ‘व्हार’ लिहिल्याने जावा सैल होत नाही. टाइप कंपाइल होतानाच कायमचा ठरतो, तयार होणारा बाइटकोड (कंपायलरने बनवलेला, यंत्राने चालवायचा कोड) टाइप लिहिला असता तर झाला असता तसाच असतो, आणि स्ट्रिंग (मजकूर) ठरलेल्या व्हेरिएबलमध्ये पुढे आकडा घालू पाहिला तर कंपायलर अडवतोच.

त्याचा खरा फायदा मला लूपमध्ये, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करणाऱ्या कोडमध्ये, जाणवला. ग्राहकनिहाय बिलांचा मॅप (ग्राहक आणि त्याची बिले अशा जोड्यांचा साठा) फिरवताना पूर्वी ‘मॅप.एन्ट्री<स्ट्रिंग, लिस्ट<इन्व्हॉइस>>’ एवढे सगळे लिहून झाल्यावर मग कुठे व्हेरिएबलचे नाव यायचे. आता ‘व्हार’ या तीन इंग्रजी अक्षरांनंतर लगेच नाव येते, आणि सलग पाच-सहा घोषणा असतील तर सगळी नावे एका सरळ रेषेत उभी राहतात. डोळा आधी नावावर पडतो, त्यामुळे नाव चांगले ठेवण्याची जबाबदारीही वाढते. ‘व्हार रिझल्ट = सर्व्हिस.प्रोसेस(डेटा)’ ही ओळ वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. तिथे टाइप लिहिलेला असता तर निदान तेवढा तरी आधार मिळाला असता.

भाषेच्या रचनाकारांनी घातलेल्या मर्यादा मला या सोयीतला सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग वाटतात. क्लासच्या फील्डसाठी, मेथडच्या पॅरामीटरसाठी किंवा परतीच्या टाइपसाठी ‘व्हार’ चालत नाही. मेथडची सही (तिला काय द्यायचे आणि ती काय परत देते याची ओळ) हा इतरांशी केलेला करार असतो, आणि आतली एक ओळ बदलली म्हणून तो गुपचूप बदलता कामा नये. नुसत्या ‘नल’वरून (‘काहीच नाही’ या किमतीवरून) किंवा लॅम्डावरूनही (बिननावाच्या छोट्या फंक्शनवरूनही) टाइप ठरवला जात नाही. शिवाय ‘व्हार’ हा कीवर्ड (इतर कशालाही देता न येणारा शब्द) न करता राखीव टाइपनाव ठेवल्यामुळे, ज्या जुन्या कोडमध्ये व्हेरिएबललाच ‘व्हार’ असे नाव दिले होते तो कोडही मोडला नाही.

आता दोष सांगतो, कारण तो मला महागात पडला. एका जुन्या फाइलमध्ये बेरजेसाठी ‘डबल टोटल = ०’ असे लिहिलेले होते; डबल म्हणजे दशांश आकड्यांचा टाइप. (पैशांचा हिशेब डबलमध्ये ठेवू नये, अचूक दशांशांचा बिगडेसिमल वापरावा, हे मला मान्य आहे, पण तो कोड तसा होता.) फाइल नीटनेटकी करताना मी सगळीकडे ‘व्हार’ घातला आणि तिथे ‘व्हार टोटल = ०’ झाले. उजवीकडे नुसते शून्य असल्यामुळे टाइप ठरला इंट, म्हणजे पूर्णांक. पुढे लूपमध्ये ‘+=’ ने (आधीच्या किमतीत भर घालणाऱ्या चिन्हाने) रक्कम मिळवली जात होती, आणि या चिन्हात टाइप बदलण्याची क्रिया आपोआप होत असल्यामुळे ९९.५० ची भर ९९ चीच झाली, तीही कंपायलरने ब्र न काढता. तेच ‘टोटल = टोटल + रक्कम’ असे लिहिलेले असते तर कंपायलरने तिथेच थांबवले असते. आमच्या चाचण्यांतल्या सगळ्या रकमा पूर्ण रुपयांच्या होत्या, त्यामुळे त्या पास झाल्या आणि चूक महिनाअखेरच्या ताळमेळात उघडी पडली.

अशीच दुसरी जागा म्हणजे ‘व्हार यादी = न्यू ॲरेलिस्ट<>()’. डावीकडे टाइप नाही आणि उजवीकडचा कंसही रिकामा, म्हणून यादी ऑब्जेक्टची, म्हणजे कशाचीही, बनते. ही चूक मात्र बहुधा पुढच्या एक-दोन ओळींतच कळते.

जावाच्या ओपनजेडीके या मुक्त-स्रोत प्रकल्पावर स्टुअर्ट मार्क्स यांनी २०१८ मध्येच ‘व्हार’साठी लेखनशैलीचे नियम मांडले. लिहिण्यापेक्षा वाचणे महत्त्वाचे, आणि कोडची वाचनीयता आयडीईवर (कोड लिहिण्याच्या सॉफ्टवेअरवर) अवलंबून नसावी, ही त्यातली तत्त्वे मला पूर्ण पटतात. आयडीईत कर्सर नेला की टाइप दिसतो हे खरे, पण कोड रिव्ह्यू (सहकाऱ्यांच्या कोडची तपासणी) आम्ही ब्राउझरमध्ये करतो आणि तिथे समोर फक्त बदललेल्या ओळी असतात. म्हणून आमचा नियम असा आहे की उजवीकडे ‘न्यू’ने सुरू होणारा पूर्ण टाइप असेल किंवा मेथडच्या नावातूनच तो कळत असेल, तर ‘व्हार’ जरूर वापरावा. आकड्याने सुरुवात होत असेल तर टाइप हाताने लिहावा.

जावाच्या विसाव्या आवृत्तीपासून कंपायलरला अशा ‘+=’मधल्या गळतीबद्दल इशारा द्यायला सांगता येते. एकविसाव्या आवृत्तीवर आल्यावर आम्ही तो चालू केला, आणि पहिल्याच बिल्डमध्ये माझ्या त्या चुकीची आणखी दोन भावंडे सापडली.