पावसाळ्यात आलेली सहा खोकी

हे लिहायला मी वर्षभर थांबलो. देवबाग-तारकर्ली पट्ट्यात आम्ही सगळे एकमेकांना ओळखतो. दुकानदारच फसला हे कळल्यावर गिऱ्हाईक त्याच्या सामानावर भरवसा ठेवेल का, ही भीती होती. पण गेल्या आठवड्यात एक फोन आला आणि गप्प राहणं जमेना. किनाऱ्यावर माझ्यासारखी लहान लहान स्कूबा सेंटर बरीच आहेत. मला खोटं डायव्हिंगचं सामान विकणारा माणूस उद्या त्यातल्या कुणालाही गाठू शकतो.

माझं दुकान खाडीच्या बाजूला आहे. दोन फायबरच्या होड्या, हवा भरायचा एक कॉम्प्रेसर, हवेचे बावीस सिलिंडर, आणि ऑक्टोबर ते मे एवढाच धंदा. येणारे बहुतेक पुणे, कोल्हापूर, सांगली, बेळगावचे, आयुष्यात पहिल्यांदा पाण्याखाली जाणारे. त्यांना सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांवर पाच-सहा मीटर खाली न्यायचं, मासे दाखवायचे, फोटो काढायचे आणि सुखरूप वर आणायचं. टाकीतली हवा तोंडाशी श्वासापुरती आणून देणारा रेग्युलेटर कुठल्या कंपनीचा, हे त्यांच्यापैकी कुणी विचारत नाही.

दोन सीझनमागे मात्र पुण्याच्या एक बाई आल्या. शिकलेल्या डायव्हर होत्या, सोबत दोन मैत्रिणी. त्यांनी आमचा रेग्युलेटर हातात घेतला, झिजलेला माउथपीस पाहिला, उडालेला रंग पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, "मी माझा सेट आणला नाहीये, पण यावर मी खाली जाणार नाही." त्यांचं चुकलं नव्हतं. आमचं सामान दरवर्षी सर्व्हिसिंग होऊन येतं, पण ते त्याच्याकडे बघून कळत नाही. तिघी परत गेल्या आणि मला ते फार लागलं. तेव्हापासून डोक्यात बसलं की दुकानात नामांकित कंपनीचं भारी सामान हवं. भाड्याने द्यायला आणि विकायलाही. काचेच्या कपाटात चार-सहा रेग्युलेटर, दोन-तीन डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारी मनगटी यंत्रं) मांडले की शिकलेले डायव्हर आपणहून आत येतील, असा माझा हिशेब.

घरात यावर मे महिनाभर बोलणं चाललं. मोठा भाऊ मासेमारीतला. तो म्हणाला, "एवढ्या पैशात इंजिन येता रे. ह्या घेवन कोणाक इकतलस?" प्रश्न अगदी मुद्द्याचा होता आणि मी त्याला नीट उत्तर दिलं नाही. आज देऊ शकतो. आमच्याकडचं पाणी उबदार, खोली कमी. थंड पाण्यात गोठू नये म्हणून बंदिस्त केलेला महागडा फर्स्ट स्टेज, म्हणजे रेग्युलेटरचा टाकीवर बसणारा भाग, इथे लागत नाही. ज्याला तो हवा असतो, तो स्वतःचा घेऊन येतो. इथे काउंटरवर विकला जातो तो मास्क, स्नॉर्केल, फिन्स, रॅश गार्ड, ड्राय बॅग. शिवाय भारी माल विकला गेला नाही तर तो पावसाळाभर खाऱ्या, दमट हवेत पडून राहतो. आतल्या रबराला वय असतं, पैसे अडकतात, आणि नेमके त्याच महिन्यांत होड्यांची डागडुजी निघते. हे सगळं मला तेव्हाही ठाऊक होतं. पण त्या बाईंचं वाक्य त्याच्यापेक्षा मोठं झालं होतं.

अशा वेळी तो माणूस व्हॉट्सअॅपवर आला. माझा नंबर एका ओळखीच्यानेच दिला होता, तेही चांगल्या हेतूने. परदेशातला एक रिसॉर्ट बंद झालाय, त्यांच्यासाठी आलेला नवाकोरा माल आपल्याकडे पडून आहे, बाजारभावापेक्षा साधारण चाळीस टक्के कमी लावतो, असं त्याचं म्हणणं. बोलायला सभ्य. पहिल्याच फोनवर त्याने मला उलट प्रश्न विचारले: तुमच्याकडे पाणी किती खोल, दिसतं किती, गिऱ्हाईक कसलं? आणि आपणहून म्हणाला, "थंड पाण्याचं मॉडेल घेऊ नका, तुम्हाला गरज नाही, उगाच पैसे जातील." विकणारा माणूस महाग वस्तू घेऊ नका म्हणतो, म्हणजे प्रामाणिक असणार, असं मी धरून चाललो. माझा विश्वास त्या एका वाक्यावर बसला.

मी आधी एकच नमुना मागवला. अडतीस हजार रुपये. मेच्या शेवटी तो आला, होडी वर काढायच्या आधी मी स्वतः त्यावर दोन डाइव्ह केल्या. अस्सल होता. आजही आहे, आजही चालतो. पुढच्या सगळ्या फसवणुकीचा पाया तो खरा नमुना होता.

जुलैमध्ये मी ऑर्डर दिली. सहा रेग्युलेटर प्रत्येकी एकेचाळीस हजार, चार डाइव्ह कॉम्प्युटर प्रत्येकी चोवीस हजार. एकूण तीन लाख बेचाळीस हजार. त्यातली बरीच रक्कम कॉम्प्रेसरच्या ओव्हरहॉलसाठी बाजूला ठेवलेली होती. सत्तर टक्के आगाऊ, उरलेले माल निघताना, असं ठरलं. पैसे ज्या खात्यात टाकायचे त्याचं नाव बिलावरच्या फर्मपेक्षा वेगळं होतं. विचारलं तर म्हणाला, घरचीच दुसरी फर्म आहे. नारळी पौर्णिमेच्या सुमारास त्याचा फोन आला की माल कुरिअरला दिलाय, उरलेले पैसे आले की पावती नंबर देतो. मी तेही पाठवले.

आता हे नीट वाचा. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते, आणि आमचं काम तर त्यानंतरही बरेच दिवस सुरू होत नाही. होड्या वर ओढलेल्या, समुद्र खवळलेला, खाडीचं पाणी गढूळ. कॉम्प्रेसर उघडून ठेवलेला, सिलिंडर रिकामे. रेग्युलेटर आला तरी तो कशावर लावून बघणार? कोकणातला दुकानदार या दिवसांत माल तपासूच शकत नाही, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. मेमध्ये त्याने मला घाई केली नाही. जुलैमध्ये मात्र रोज फोन होता.

खोकी चतुर्थीच्या आधी चार दिवस आली. घरात गणपतीची गडबड. माझी बायको स्टॉकच्या वहीत नोंद करत होती, ती म्हणाली, "अवो, ह्या दोनय खोक्यांवर एकच नंबर आसा." मी बघितलं. दोन वेगवेगळ्या रेग्युलेटरवर तोच सीरियल नंबर. मी त्याला मेसेज केला, त्याने तासाभरात उत्तर दिलं की लेबल लावताना चूक होते कधी कधी. मी ते मानलं. बायकोने मानलं नाही, तिने वहीत त्या ओळीपुढे पेन्सिलने फुली मारून ठेवली. ती फुली पुढे पोलिसांना दाखवता आली.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पाणी थोडं निवळलं. चुलतभाऊ आणि मी, दोघेच, नवे सेट घेऊन खाली गेलो. सहा मीटरवर, चार-पाच मिनिटांत माझ्या तोंडातल्या रेग्युलेटरमधून हवा सुटायला लागली. थांबेचना. बटण दाबून पाहिलं, तोंडातून काढून उलटा धरून पाहिला, हवेचा लोटच्या लोट. भावाने आपला ऑक्टोपस, म्हणजे जोडीदारासाठीचा जादा सेकंड स्टेज, माझ्या हातात दिला, आम्ही सावकाश वर आलो. मला काहीही झालं नाही, कारण मला हे करायची सवय आहे. होडीवर चढल्यावर भाऊ एवढंच म्हणाला, "दादा, ह्येच्यार कोणाक न्हेव नको."

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, नाहीतर मी एवढा का हादरलो ते कळणार नाही. टाकीत हवा २०० बार दाबाने भरलेली असते. फर्स्ट स्टेज तो दाब उतरवून आजूबाजूच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बारवर आणतो, आणि तोंडातला सेकंड स्टेज त्यातून श्वासापुरती हवा देतो. फर्स्ट स्टेजच्या आत एक छोटी सीट असते, ती घट्ट बसली तरच दाब तिथे थांबतो. ती निकृष्ट असेल तर दाब हळूहळू चढत राहतो आणि शेवटी सेकंड स्टेज आपोआप उघडतो. अकरा लिटरच्या टाकीत साधारण २,२०० लिटर हवा मावते. एवढी वाटते, पण अशी सुटली तर काही मिनिटांत संपते. माझ्या जागी पहिल्यांदाच पाण्यात उतरलेली बारा वर्षांची मुलगी असती तर ती घाबरून श्वास रोखून वर धावली असती. श्वास रोखून वर येणं हेच डायव्हिंगमधलं सगळ्यात घातक. त्या रात्री मला झोप लागली नाही आणि पैशांचा विचार त्यात फार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सहाही सेट घेऊन गोव्याला गेलो, आमचं सर्व्हिसिंग करणाऱ्या कारागिराकडे. त्याने आधी काही न उघडता फक्त हातात तोलून पाहिले. मग माझा मेचा नमुना शेजारी ठेवला. खऱ्यावर ईएन २५० ही युरोपीय मानकाची खूण कोरलेली होती. खोट्यावर ती छापलेली होती आणि अंगठ्याने घासल्यावर पुसट झाली. दाब मोजायचा गेज लावला: साडेनऊवरून सुरू होऊन दहा मिनिटांत तेराच्या पुढे. सहापैकी पाच असेच. सहावा त्या दिवशी ठीक चालला, पण आतला मुलामा सोलायला लागलेला होता. डाइव्ह कॉम्प्युटर कंपनीचेच निघाले, पण नवे नव्हते. एकाच्या इतिहासाच्या पानावर आधीच २१४ डाइव्ह नोंदलेल्या होत्या. कुणाच्या तरी मनगटावरून उतरवून, पुसून, नव्या खोक्यात घातलेले.

तोवर त्याचा फोन बंद झाला होता. तेव्हा कुठे मी बिल नीट वाचलं. पत्ता भिवंडीचा, आणि जीएसटी नंबरची सुरुवात ०७ने. महाराष्ट्राचा नंबर २७ने सुरू होतो, ०७ म्हणजे दिल्ली. जीएसटीच्या पोर्टलवर तो पंधरा अक्षरांचा नंबर टाकला तर नोंदणी रद्द झालेली दिसली. दोन मिनिटांचं काम, जे मी जुलैमध्ये फुकट करू शकलो असतो.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला. तो नंबर पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो, तेव्हा पुढच्या खात्यात ते अडवता येतात. मला दोन महिने झाले होते. पोलिसांत तक्रार दिली, ती त्यांनी नोंदवून घेतली, तपास चालू आहे. ग्राहक आयोगात जाऊ म्हटलं तर वकिलांनी समजावलं की २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार 'ग्राहक' धरला जात नाही. आणि त्यांनी आणखी एक सांगितलं ते ऐकून मी गार पडलो. १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०४ खाली खोट्या नाममुद्रेचा माल विकणाराही गुन्हेगार ठरू शकतो, शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं. आपण पुरेशी खबरदारी घेतली होती हे त्याने दाखवायचं असतं. दोन सारखे नंबर बघूनही गप्प बसलेला मी ते कसं दाखवणार होतो? सुदैवाने एकही विकला नव्हता.

भारी सामान ठेवायचं की नाही, हा प्रश्न आम्ही यानंतर पुन्हा काढला, यावेळी बायको आणि मोठा भाऊ समोर बसून, वही उघडून. कपाटात रेग्युलेटर मांडायचे नाहीत असं ठरलं. कुणाला हवाच असेल तर अधिकृत वितरकाकडून त्याच्या नावाने मागवतो, बिल आणि वॉरंटी त्याच्या नावाची, सीरियल नंबर कंपनीला ईमेलवर विचारून मगच त्याच्या हातात. होड्यांवर एकाच मॉडेलचे मध्यम किमतीचे रेग्युलेटर घेतले, म्हणजे सुटे भाग एकच लागतात आणि गोव्यात मिळतात. दाबाचा गेज आता दुकानात आहे, दर सोमवारी लावतो. माउथपीस दर सीझनला नवे बसवतो. त्या पुण्याच्या बाईंना खरं तर एवढंच दिसायला हवं होतं. आणि जून ते सप्टेंबर दुकानात श्वासाशी संबंधित कुठलीही वस्तू विकत घेत नाही, कितीही स्वस्त असो.

गेल्या आठवड्यातला फोन वेंगुर्ल्याहून होता. तिथल्या एका तरुण मुलाने नुकतंच सेंटर सुरू केलंय. त्याला कुणीतरी स्वस्त रेग्युलेटरचे फोटो पाठवले होते, आणि विकत घेऊ का, असं तो मला विचारत होता. मी फोटो मागितले. नंबर वेगळा, नाव वेगळं, पण खोकी ज्या फुलाफुलांच्या मेणकापडावर ठेवली होती ते मी ओळखलं. माझ्या फोटोंमध्येही तेच होतं, डाव्या कोपऱ्यात जळाल्याचा डाग. मी त्याला सांगितलं, सगळ्या रेग्युलेटरवरच्या सीरियल नंबरांचे फोटो माग आणि त्या माणसाला कळू न देता ते कंपनीला पाठव. पैसे पाठवू नकोस, आणि आधीचे सगळे मेसेज जपून ठेव. त्याने नंबर मागितलेत. मी माझे फोटो आणि त्याचे फोटो एकत्र करून परवा पोलीस ठाण्यात दिले.