साठीनंतरची इंग्लंडवारी आणि सीनिअर रेलकार्ड : उन्हाळाभराच्या वापरानंतरचा अनुभव

मुलीकडे किंवा मुलाकडे काही महिने राहण्यासाठी इंग्लंडला जाणाऱ्या साठीपुढच्या आई-वडिलांनी पहिल्याच आठवड्यात सीनिअर रेलकार्ड, म्हणजे रेल्वे तिकिटांवर सूट देणारे ज्येष्ठांचे कार्ड, काढावे, असे 2025 च्या उन्हाळाभर ते वापरल्यानंतर मी निःशंकपणे सांगेन. मात्र त्याच्या भरवशावर आखलेली प्रत्येक सहल सुखाचीच होईल, असे गृहीत धरू नये. वयाची 60 वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही हे कार्ड मिळते आणि त्यासाठी तिथले रहिवासी असण्याची अट नाही. लंडनमध्ये ज्येष्ठांना बस व भुयारी रेल्वेचा मोफत प्रवास देणारे जे कार्ड आहे, ते केवळ त्या शहराच्या रहिवाशांसाठी असल्यामुळे व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना खरा आधार याच कार्डाचा आहे.

आम्ही दोघांनी स्थानकावरील तिकीट खिडकीत पासपोर्ट दाखवून आपापले कागदी कार्ड घेतले. वर्षाचे शुल्क प्रत्येकी 35 पौंड असून रेल्वेच्या बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट मिळते. म्हणजे 105 पौंडांची तिकिटे झाली की पैसे वसूल होतात आणि लंडनहून दोन-तीन लांबच्या सहली करणाऱ्याला तेवढे सहज पुरते. नेहमी जोडीनेच फिरणाऱ्यांसाठी टू टुगेदर नावाचे एकच कार्ड तितक्याच किमतीत दोघांना मिळते, पण त्यात दोघांनी एकत्र प्रवास करणे सक्तीचे असते. माझ्या यजमानांचे गुडघे दुखतात आणि एखाद्या दिवशी मी एकटीच बाहेर पडते, त्यामुळे स्वतंत्र कार्डांचा निर्णय आम्हाला योग्य ठरला. भुयारी रेल्वेच्या स्थानकावरील कर्मचाऱ्याला सांगून हे कार्ड ऑयस्टर कार्डाशी, म्हणजे लंडनमधले बस व रेल्वेचे भाडे भरण्याच्या कार्डाशी, जोडूनही घ्यावे. त्यानंतर गर्दीच्या वेळा वगळता लंडनमधल्या रेल्वेभाड्यातही तशीच सूट मिळते. बसला मात्र ती नाही.

आमचा मुक्काम दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनला होता आणि तिथून ब्रायटन तासाभराच्या आत येते. समुद्रकिनाऱ्यासाठी सगळे जातात, परंतु भारतीय माणसाने तिथे थांबावे ते रॉयल पॅव्हेलियनपाशी. घुमट आणि मिनारांनी नटलेल्या या राजवाड्यात पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या भारतीय सैनिकांसाठी 1914 ते 1916 या काळात रुग्णालय चालवले गेले आणि निरनिराळ्या धर्म-जातींचे नियम पाळता यावेत म्हणून तिथे वेगवेगळी स्वयंपाकघरे होती. जे हिंदू आणि शीख सैनिक वाचले नाहीत, त्यांच्यावर शहराबाहेरच्या टेकडीवर अग्निसंस्कार झाले. त्या जागी 1921 मध्ये अनावरण झालेली संगमरवरी छत्री आजही उभी आहे. तिथवर वाहन जात नाही, पॅचमकडून शेतांच्या कडेने चढ चढावा लागतो. यजमान गावातच थांबले आणि मी वर जाऊन आले. एवढ्या दूरच्या मातीत आपल्या माणसांची नावे कोरलेली पाहताना मन भरून आले, आणि सबंध उन्हाळ्यातले माझ्यासाठी सर्वांत मोलाचे स्थळ हेच ठरले.

सॉल्झबरीच्या सहलीत कार्डाची मर्यादा कळली. स्टोनहेंज पाहण्यासाठी लोक तिथे उतरतात, परंतु ते शिलावर्तुळ गावापासून सुमारे पंधरा किलोमीटर दूर आहे. पुढच्या बसचे भाडे आणि प्रवेशशुल्क यांच्याशी कार्डाचा काहीही संबंध नाही, आणि एरवी वर्तुळ दोरीबाहेरूनच पाहावे लागते. त्या मानाने गावातल्या कॅथेड्रलने अधिक समाधान दिले. 123 मीटर उंचीचा त्याचा मनोरा ब्रिटनमधील चर्चच्या मनोऱ्यांत सर्वांत उंच असून राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या मॅग्ना कार्टा या 1215 च्या सनदेच्या उरलेल्या चार प्रतींपैकी एक तिथे जपलेली आहे.

यॉर्क लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाहून सुमारे दोन तासांवर आहे. इतक्या अंतरासाठी आधीच काढलेले अ‍ॅडव्हान्स तिकीट आणि त्यावर कार्डाची सूट हाच सर्वांत स्वस्त मार्ग आहे, मात्र ते तिकीट त्याच गाडीपुरते बांधलेले असते. तिथल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात प्रवेश विनामूल्य आहे, आणि 1938 मध्ये ताशी 126 मैलांचा विक्रम करणारे मॅलर्ड हे वाफेचे इंजिन अगदी जवळून पाहता येते.

आता त्रासाविषयी. सोमवार ते शुक्रवार सकाळच्या गर्दीच्या वेळी केवळ लंडन व आग्नेय भागापुरत्या प्रवासाला ही सूट लागू होत नाही, त्यामुळे ब्रायटनसारख्या ठिकाणी पोहोचेपर्यंत निम्मी सकाळ सरते. यॉर्कला मात्र हे बंधन नाही. रविवारी रुळांच्या कामामुळे गाडीऐवजी बस देतात, आणि एका परतीच्या प्रवासात अशाच बसची वाट पाहत आम्हाला पावसात फार वेळ उभे राहावे लागले. उशीर झाल्यास भाड्याचा काही भाग किंवा सर्व भाडे परत मिळते, तेव्हा तिकीट टाकून देऊ नये. सर्वच स्थानकांवर लिफ्ट नाही. पण पॅसेंजर असिस्ट ही विनामूल्य मदत दोन तास आधी कळवली तरी मिळते, आणि यजमानांना प्रत्येक वेळी अत्यंत आपुलकीने गाडीत बसवून देण्यात आले.

तीन-चार दिवसांसाठी लंडन पाहायला जाणाऱ्यांनी हे कार्ड घेऊ नये, ऑयस्टर पुरेसे आहे. ज्यांचा मुक्काम दोन महिन्यांहून अधिक आहे, त्यांनी ते घ्यावे, आठवड्यातून एकच गाव ठरवावे आणि रविवार शक्यतो घरीच राहावे.