साठ रुपयांचा रनर: समुद्रकाठी नऊ रात्री काढल्यावर टेंटबद्दल

हा अनुभव मी फेब्रुवारीच्या सुरुवातीला संतापून लिहायला घेतला होता. एक स्टार देणार होतो, तोही नाइलाजाने, कारण शून्य देता येत नाही. अर्धा लिहून राहिला, मध्ये दोन महिने गेले, आणि आता त्यातला निम्मा राग माझ्यावरच उलटलाय. जुनी वाक्यं काढलेली नाहीत. जिथे माझं चुकलं तिथे खाली तसं लिहिलंय.

टेंट तोच, सगळे घेतात तो. तीन माणसांचा, दोन थरांचा, घुमटाचा, कापडावर 3000 मिमीचा, म्हणजे पाणी अडवायच्या क्षमतेचा, शिक्का. सेलमध्ये 4,299 ला पडला. तीन माणसं कंपनीच्या मापाने. आमच्या मापाने अडीच, म्हणजे मी, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. बॅगा बाहेर पुढच्या पडवीत. घ्यायचं कारण साधं होतं. अलिबागजवळ नागावला शनिवारची खोली साडेतीन हजारांच्या खाली कोणी देईना, आणि वाडीत स्वतःचा टेंट ठोकायचे तीनशे. दोन फेऱ्यांत वसूल, असं मी भांडुप ते सीएसएमटीच्या प्रवासात बायकोला पटवलं.

पहिली फेरी ऑक्टोबरात, कोजागिरी होऊन दोन दिवस झाले होते. चांदणं मिळेल हा हिशेब. गेटवेहून कॅटमरान, मांडव्याहून तिकिटातच धरलेली बस, अलिबागहून रिक्षा. साडेपाचला पोचलो तर समुद्र पार लांब गेलेला आणि मध्ये सपाट, ओली, घट्ट वाळू. खुंट्या अशा बसल्या की वा! काठ्या ओवून होतायत तोवर वाडीच्या काकू कमरेवर हात ठेवून येऊन उभ्या राहिल्या.

"आज तिथी काय?"

मोबाइलमध्ये बघून म्हटलं, द्वितीया.

"दोनाची पाऊणपट दीड. रात्री दीडला पाणी त्या सुरूच्या मुळापाशी असंल. तुमी झोपा हितं, मी आपली वर झोपते."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. दिवसा तीच, रात्रीही साधारण तीच. तिच्या आधी-नंतर सहा तासांवर ओहोटी. वद्य पक्षात मोजणी पुन्हा एकापासून. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बाराच्या आसपास धरा. भरती रोज पाऊण तासाच्या जरा वर पुढे सरकते, म्हणून ही पाऊणपट. आता यातली गंमत बघा. चांदण्यासाठी म्हणून आपण पौर्णिमेच्या आसपासचा शनिवार पकडतो, म्हणजे नेमका उधाणाचा. संध्याकाळी टेंट लावायच्या वेळी पाणी सगळ्यात लांब, आणि गाढ झोपेच्या वेळी सगळ्यात जवळ. त्यात हिवाळ्यात दोनपैकी मोठी भरती रात्रीची असते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे गेलात तर पाणी एवढं चढत नाही, पण चंद्रही अर्धाच.

अंधारात सगळं उपसून वर सुरूच्या मागे नेलं. दीड वाजता मुद्दाम टॉर्च घेऊन बघायला गेलो. आमची पहिली जागा गुडघाभर पाण्यात होती, आणि घाईत उपटायची राहिलेली आठवी खुंटी तिथेच कुठेतरी. तेव्हापासून जाहिरातीत 'सी-टच' दिसलं की मी फोनच करत नाही.

वाडीतही नारळाखाली लावू नका. नारळ राहू द्या, नुसती सुकलेली झावळी पडली तरी काठी मोडेल. सुरूखाली बरं, फक्त सुया पडतात. कोरड्या वाळूत कंपनीच्या खुंट्या टिकत नाहीत. पाच किलो तांदळाच्या रिकाम्या पिशव्या वाळूने भरून पुरायच्या आणि दोरी त्यांना बांधायची. याचे स्टार कापत नाही, कुठल्याच टेंटची खुंटी तिथे टिकत नाही.

नोव्हेंबरात पुन्हा नागावलाच दोन रात्री, भांग बघून. काही घडलं नाही म्हणून काही लिहीत नाही.

डिसेंबरात केळवे. इथे माझं जुनं वाक्य होतं: "टेंट गळतो, 3000 मिमी ही शुद्ध थाप आहे." पहाटे चारला मुलीच्या कपाळावर थेंब पडला आणि सकाळी आतून सगळं छत ओलं. मी तिथूनच कस्टमर केअरला फोटो पाठवले. आता कबूल करतो, टेंट गळला नव्हता. थंडी म्हणून आम्ही वरच्या कव्हरच्या खिडक्या बंद केल्या होत्या आणि अडीच माणसांचा रात्रभराचा श्वास गार कापडाला लागून टपकत होता. बाहेरचं पाणी अडवायला 3000 मिमी आहे, आतल्याला तेवढंच अडवतं. बोर्डीला झरोके उघडे ठेवले, छत जवळजवळ कोरडं. ते वाक्य मागे घेतलं.

पण दाराच्या चेनबद्दल जे लिहिलं होतं ते मागे घेणार नाही.

26 जानेवारीला जोडून बोर्डीला दोन रात्री. डहाणू लोकल, पुढे शेअर रिक्षा, चिकूच्या वाडीत जागा, समोर ओहोटीला इतका मागे जाणारा समुद्र की मुलीने विचारलं, समुद्र कुठाय? सगळं उत्तम. पहिल्या रात्री नऊला दार लावायला गेलो तर रनर अर्ध्यात अडकला. ओढला, सुटला, वर गेला आणि त्याच्यामागे चेन आपोआप उघडत आली. खाली आणला, पुन्हा वर नेला, तेच. दार म्हणजे दोन मोकळे पदर, आणि बाहेर चिकूच्या वाडीतले डास. वाडीवाल्याच्या दोरीवरचे कपड्यांचे चिमटे मागून आणले आणि तेरा चिमट्यांवर दोन रात्री काढल्या. बाथरूमला जायचं तर तेरा काढा, तेरा लावा.

घरी आल्यावर कंपनीशी पत्रव्यवहार सुरू झाला. फोटो पाठवा. व्हिडिओ पाठवा. बिल पाठवा. बिल पाठवलंय, पुन्हा पाठवा. अकराव्या दिवशी उत्तर: चेन ही वापराने झिजणारी वस्तू, वॉरंटीत बसत नाही, हवं तर आतला पूर्ण भाग 2,199 मध्ये बदलून मिळेल. अर्ध्या टेंटचे पैसे, एका रनरसाठी! याच दिवशी मी एक स्टारवाला मजकूर लिहायला बसलो होतो.

बायको म्हणाली, "स्टेशनबाहेरच्या काकांना दाखव आधी." ते बॅगा, छत्र्या, चेन दुरुस्त करतात. मी आख्खा टेंट खांद्यावर टाकून गेलो, लोक बघत होते. काकांनी दाराचा भाग मांडीवर घेतला, चष्मा वर केला, चेनवरून अंगठा फिरवला.

"चेन चांगली आहे. रनर गेलाय." रनर उलटा करून मला दाखवला. मागे बारीक 5 कोरलेला होता. "पाच नंबर. तुमच्या शाळेच्या दप्तराला असतो तोच." मग पक्कडीने तो काढून पुठ्ठ्यावर आपटला. पांढरी पूड पडली आणि चहाच्या चमच्याच्या टोकावर मावेल एवढी वाळू. "समुद्रावर नेता काय? मिठाने आतून खाल्लाय. तोंड फाकलं की दाते दाबत नाही, मग मागून उघडतं."

आत-बाहेर दोन्हीकडून ओढायची पट्टी असलेला रनर त्यांच्याकडे नव्हता. भुलेश्वरहून आणतो म्हणाले, गुरुवारी या. गुरुवारी दोन्ही रनर बदलले, टोकाला चार टाके घातले, मेणबत्तीचा तुकडा चेनवर वरपासून खालपर्यंत घासला आणि पंधरा-वीस वेळा उघडबंद करून दाखवलं. साठ रुपये. मी शंभर देत होतो, त्यांनी चाळीस परत केले.

निघताना त्यांनी विचारलं, "दार कुठल्या बाजूला करता?"

समुद्राकडे, अर्थातच. फोटोसाठी. आणि शाळेच्या भूगोलात खारे वारे, मतलई वारे पाठ केलेला माणूस मी. दुपारपासून संध्याकाळपर्यंत वारा समुद्राकडून येतो, म्हणजे मीठ आणि वाळू थेट चेनच्या दातांत. रात्री तो फिरून जमिनीकडून येतो, तोवर दार लावलेलं. सहा रात्री मी स्वतःच्या हाताने रनर भरत होतो. त्यात नागावला सकाळी विहिरीच्या पाण्याने चेन धुतली म्हणून खूश होतो. ते पाणी मचूळ होतं, चहा केला तेव्हा कळलं होतं, पण चेनच्या बाबतीत डोकं चाललं नाही. आता वाडी ठरवताना फोनवर दोनच प्रश्न विचारतो: किती टेंटमागे एक बाथरूम, आणि विहीर गोडी की मचूळ? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो.

दुरुस्तीनंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये रेवदंड्याला तीन रात्री, किल्ल्याच्या तटाच्या अलीकडच्या वाडीत. दार जमिनीकडे. फोटोत नारळ आणि वाडीवाल्याची मोटरसायकल येते, येऊ दे. घरी आल्यावर टेंट गोड्या पाण्याने धुऊन पंख्याखाली वाळवतो. भांडुपच्या वन रूम किचनमध्ये ते एक वेगळं संकट आहे, दोन दिवस आम्ही जेवायलाही वाकून बसतो. पण ओला गुंडाळून पावसाळाभर माळ्यावर टाकला तर कापडाच्या आतला लेप चिकट होऊन वास मारतो, असं बऱ्याच जणांचं झालंय.

हिशेब: 4,299 भागिले नऊ, रात्रीला 478, जागेचे तीनशे वेगळे. अजून दोन रात्री झाल्या की चारशेच्या खाली येईल, आणि मेअखेर कॅटमरान बंद व्हायच्या आत त्या करायच्या आहेत. रात्री उकडेल, बायको आत्तापासून नाही म्हणतेय.

स्टार तीन देतो. कापड, काठ्या, शिलाई यांना चार दिले असते. समुद्रावर वापरा असं खोक्यावर चित्र छापून मिठाने तीन-चार महिन्यांत निकामी होणारा रनर लावणं, आणि वर त्याला झीज म्हणणं, याचा एक कापला. खोक्यावरच्या चित्रात दारही समुद्राकडेच आहे.

पिशवीत आता सात खुंट्या, तांदळाच्या चार पिशव्या, जुन्यातला एक रनर आणि काकांनी दिलेला मेणबत्तीचा तुकडा असतो. चिमटेही ठेवलेत, तेरा.