पडलेली मोटरसायकल घेतली : आठ महिने, ९,००० किलोमीटर

ही घेण्याआधी एक गाडी मी सोडून दिली होती. रंग नवा, टाकी चकचकीत, चालवायलाही छान. पण हँडल पूर्ण वळवून खाली टॉर्च मारली, तर चेसिसवरचा हँडलचा स्टॉपर चेपलेला दिसला आणि कोनसेटच्या (हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं त्याच्या) नळीमागे, वेल्डजवळ, रंगाला सुरकुती पडलेली. समोरून धडक बसली की चाकावरचा सगळा भार शॉकअपमधून त्याच नळीवर येतो. मी तिथूनच परत फिरलो.

आताची गाडी डाव्या अंगावर घसरलेली. मालकाने ते आपणहून सांगितलं, आणि खुणाही त्याच्या सांगण्याशी जुळत होत्या: हँडलचं टोक, क्लच लिव्हरचं टोक, फूटरेस्ट, इंजिनच्या डाव्या कव्हरवरचे ओरखडे. उजवी बाजू स्वच्छ, स्टॉपर शाबूत. फक्त सरळ जाताना हँडल किंचित उजवीकडे धरावं लागायचं. मेकॅनिकने टीचे (दोन्ही शॉकअप एकत्र धरणाऱ्या भागाचे) बोल्ट सैल करून शॉकअप सरळ बसवले, तेव्हा हँडल मधोमध आलं. ते आलं नसतं तर मी घेतलीच नसती.

पण एक गोष्ट माझ्याकडून निसटली. पुढचा ब्रेक दाबून गाडी खाली-वर दाबली, तेव्हा शॉकअप वर येताना जरासा अडकत होता. वयामुळे असेल, असं मी धरून चाललो. तिसऱ्या महिन्यात डाव्या शॉकअपमधून तेल गळायला लागलं. सील बदललं, महिनाभरात पुन्हा तेच. मग शॉकअपची नळी बाहेर काढून काचेवर फिरवली, तर नळी आणि काच यांच्यामधली फट कमीजास्त होत होती. नळी वाकलेली. वाकडी नळी नवं सीलही खाते, हे मला तेव्हा नीट कळलं. ठोकून सरळ करून देतो म्हणणारेही भेटले. पुढच्या चाकाच्या बाबतीत मला ते पटलं नाही, नळी नवीनच घातली. घेण्याआधी पुढचं चाक काढून नळ्या तपासायला हव्या होत्या. तासाभराचं काम होतं, आणि त्यासाठी मालकाने नकार दिला असता तर तेही एक उत्तरच होतं.

मागची बाजू बिनतक्रार. दोन्ही चाकांना दोरी लावून बघितली, रेषा जुळते. चिमट्यावरच्या (मागचं चाक धरणाऱ्या भागावरच्या) खुणांवर मात्र भरवसा ठेवू नका, त्या दोन्ही बाजूंना नेमक्या असतातच असं नाही. टायर दोन्ही बाजूंनी सारखे झिजलेत, जोरात ब्रेक मारला तरी गाडी सरळ थांबते. नळी बदलल्यापासून खड्ड्यांतून जाताना ती इतकी मऊ चालते, की आधीचे तीन महिने मी काय सहन करत होतो ते आता जाणवतं.

अशीच दुसरी मिळाली तर घेईन, फक्त चाक काढून बघूनच.

सध्या एक काम बाकी आहे. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवलं की मधोमध ते जरासं अडतं. कोनसेटचे बॉल आणि वाट्या पुढच्या सर्व्हिसिंगला बदलणार आहे.