शेडकार्डावरचा रंग आणि मे महिन्यातली भिंत

घर रंगवून आता दहा महिने होतील. गेल्या दसऱ्याला मिस्त्री घरात शिरले आणि धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी त्यांच्या शिड्या बाहेर पडल्या. तेव्हाच लिहायला बसले असते तर सगळं छान छानच लिहिलं असतं. पहिले पंधरा दिवस कुठलीही भिंत गोड दिसते. म्हणून हिवाळा जाऊ दिला, उन्हाळा काढला, अर्धा पावसाळाही बघून घेतला. नागपुरात घराचा रंग दिवाळीत पास होतो आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, नापास होतो, हे आमच्या एका खोलीने मला शिकवलं. त्या खोलीचं पुढे सांगते.

आधी घर. त्रिमूर्तीनगरात सासऱ्यांनी १९८९ साली बांधलेलं, एकमजली. हॉल, दोन बेडरूम, स्वयंपाकघर आणि मधला बोळ. फरशी मोझेकची, हिरवट-पिवळट चिपांची. दारं सागवानी, पॉलिश केलेली. हॉलचं तोंड पूर्वेला, मोठी बेडरूम पश्चिमेला, लहान बेडरूम उत्तरेला. पश्चिमेच्या खिडकीत मार्च ते जून कूलर बसतो. फरशी उखडायची नव्हती, दारं बदलायची नव्हती, खिडक्या तर हलणारच नव्हत्या. मग रंगाने यांच्याशी जुळवून घ्यायचं, एवढी साधी गोष्ट कळायला मला दोन आठवडे आणि इतवारी बाजाराच्या चार चकरा लागल्या.

कारण मोबाइलवर जी घरं बघून आपण भुलतो, त्यांची फरशी पांढरी चकचकीत असते. तिच्यावरून उजेड पांढराच उडतो. आमच्या मोझेकवरून तो पिवळसर होऊन भिंतीवर चढतो. सकाळी दहाला हॉलमध्ये भिंतीचा खालचा चार फुटांचा भाग आणि वरचा भाग वेगळे दिसतात, रंग एकच असून. शेडकार्डाचा कागद दुकानातल्या ट्यूबखाली धरून हे कधीच कळणार नाही. तो घरी आणून फरशीवर ठेवायचा, मग दाराच्या चौकटीला टेकवायचा. आमच्या सागवानाच्या तांबूसपणाजवळ निळसर झाक असलेले सगळे पांढरे एकदम आजारी दिसायला लागले. तिथेच अर्धं शेडकार्ड बाद झालं.

सासूबाई त्यावर म्हणाल्या, "आमच्या वेळी बरं होतं. चुना भिजवायचा, त्यात नीळ टाकायची, नाहीतर पिवडी, ती पिवळी माती. खाली गेरूचा पट्टा. झालं." मी तेव्हा हसले. पण शेवटी आमच्या घरात जे टिकलं ते याच डब्यातलं निघालं.

निवड अशी झाली. मूळ रंग एकच: चुन्यासारखा पांढरा, त्यात पिवडीची चिमूटभर झाक. हॉल, बोळ, स्वयंपाकघर, सगळीकडे तोच. दुसरा रंग त्याचाच मोठा भाऊ, सातूच्या पिठासारखा, हॉलच्या एका भिंतीला. तिसरा उत्तरेच्या बेडरूमला, संत्र्याच्या पानाची पाठ असते ना, तसा फिकट हिरवा. चौथा गेरू, फक्त देवघराच्या मागच्या भिंतीला. आणि पाचवा, पश्चिमेच्या बेडरूमला ग्रे. तो मुलाचा हट्ट. बारावीत आहे, खोली त्याची, म्हणून मान दिला.

पहिल्या चार रंगांची आम्ही नीट परीक्षा घेतली. नमुन्याचे छोटे डबे आणून मोठ्या ड्रॉइंग शीटवर दोन हात मारले आणि त्या शीट आठ दिवस घरभर फिरवल्या. सकाळी सोफ्यामागे, दुपारी बोळात, रात्री दिव्याखाली. भिंतीवरच चौकोन मारून बघण्यापेक्षा हे बरं, कारण शेजारचा जुना रंग डोळ्याला फसवतो. आमचा जुना रंग गुलाबी होता. त्याच्या शेजारी कुठलाही पांढरा हिरवट वाटायचा. आणखी एक गोष्ट ध्यानात आली: चारही भिंती रंगल्या की रंग कार्डापेक्षा गडद वाटतो, भिंती एकमेकींवर आपला रंग फेकतात म्हणून. त्यामुळे सातूचा रंग आम्ही दुकानदाराला सांगून अर्ध्या मात्रेत करून घेतला. मशीन त्याच बेसमध्ये, म्हणजे डब्यातल्या मूळ रंगात, रंगद्रव्यं निम्मी सोडतं. मात्र डब्याच्या झाकणावर कोडसोबत "५० टक्के" असं लिहून घ्या आणि फोटो काढून ठेवा. मार्चमध्ये टचअपसाठी एक लिटर हवं होतं, तेव्हा या फोटोमुळेच वाचले. नुसता कोड सांगितला असता तर दुप्पट गडद रंग हातात आला असता.

ग्रेची शीट मात्र बनवलीच नाही. घाई झाली होती, दिवाळी तोंडावर आली होती. मिस्त्री म्हणाले होते, "वैनी, हा रंग त्या खोलीत लावसान तं उन्हाळ्यात अंधार होईन." मला वाटलं, माणूस जुन्या वळणाचा आहे.

हिवाळ्यात ग्रे फार सुंदर दिसला, खोटं कशाला बोलू. डिसेंबरात दुपारी चारचं तिरपं ऊन त्या भिंतीवर यायचं तेव्हा मुलाचे मित्र फोटो काढायचे. मग एप्रिल आला.

नागपूरचा उन्हाळा आतून कसा दिसतो हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. सकाळी नऊला खिडक्या बंद, पडदे ओढलेले, बाहेरून हिरवी जाळी बांधलेली, पश्चिमेच्या खिडकीत अख्खा कूलर. पारा ४५ च्या पुढे गेला की दिवसा उजेड नको वाटतो. म्हणजे अडीच महिने खोलीत जो उजेड येतो तो जाळीतून गाळलेला, हिरवट आणि अगदी थोडा. कुठलंही शेडकार्ड या उजेडाचा विचार करून छापलेलं नसतं. त्या उजेडात आमचा ग्रे ओल्या सिमेंटसारखा झाला. भरदुपारी दिवा लावला तर जांभळट. मुलगा आपली पुस्तकं उचलून हॉलमध्ये अभ्यासाला यायला लागला. रंगाबद्दल तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

त्याच हिरवट उजेडात हॉलचा पांढरा जरासा मलूल व्हायचा, पण पांढराच राहायचा. काही शेडकार्डांवर एलआरव्ही म्हणून आकडा असतो: रंग किती उजेड परत फेकतो ते सांगणारा, काळ्याला ० आणि शुभ्र पांढऱ्याला १००. आमचा पांढरा ८० च्या आसपासचा, ग्रे जेमतेम ३५. खिडक्या उघड्या असतात तेव्हा हा फरक नजरेला छान वाटतो, बंद केल्या की विजेच्या बिलात दिसतो. दुकानात हाच आकडा आधी विचारा, रंगाचं गोंडस नाव नंतर.

जाता जाता एक. शेजारच्या काकांनी सांगितलं होतं की आत फिकट रंग लावला की खोली थंड राहते. तसं काही नाही. एकमजली घरात उष्णता येते ती स्लॅबमधून आणि पश्चिमेच्या भिंतीतून, तिला आतल्या रंगाशी देणंघेणं नाही. मार्चमध्ये गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा थर दिला, त्याने रात्री पंख्याखालची हवा खरंच सुसह्य झाली. थंडाव्यासाठी पैसे असतील तर गच्चीवर घाला. आतल्या रंगाकडून फक्त उजेड मागा.

दिव्यांचं प्रकरण आम्हाला उशिरा सुचलं. आधी घरभर ६५०० केल्व्हिनच्या पांढऱ्या ट्यूबा होत्या (केल्व्हिनचा आकडा जितका कमी, उजेड तितका पिवळा). त्यांच्याखाली पिवडीची झाक मरून जायची, आणि सातूची भिंत मातकट दिसायची. हॉलमध्ये ४००० चे दिवे बसवले आणि तीच भिंत जागी झाली. ३००० चा एक लावून बघितला होता, त्यात सगळंच हळदीचं दूध. स्वयंपाकघरात जुनीच ट्यूब ठेवली, भाजी निवडताना ती बरी पडते. रंग ठरवण्याआधी दिवे ठरवले असते तर दोन चकरा कमी झाल्या असत्या.

आता टिकाऊपणा. रंग धुता येणारा, जवळजवळ मॅट. आतल्या भिंती साधारण २४०० चौरस फूट, त्यांना दोन हातांसाठी सगळे रंग मिळून २१ लिटर लागले, छत वेगळं. पुट्टी, अस्तर, रंग, मजुरी असा सगळा खर्च ७४ हजार. कंपनीचं नाव विचारू नका, मोठ्या कंपन्यांपैकीच एक आहे, आणि या लिखाणातला एकही गुणदोष डब्यावरच्या नावामुळे आलेला नाही.

बोळातले हाताचे डाग ओल्या फडक्याने जातात. फोडणीचे शिंतोडे त्याच दिवशी पुसले तर जातात, आठवड्याने पुसले तर पिवळी सावली राहते. मॅटचा मोठा फायदा टचअपला. हॉलमध्ये टीव्ही हलवल्यावर पडलेली चार भोकं भरली, त्यावर उरलेला रंग लावला, आता जागा सापडत नाही. स्वयंपाकघरात मात्र जास्त चकाकीचा प्रकार घेतला होता. तिथे टचअपचा ठिपका तिरप्या उजेडात स्पष्ट चमकतो, शिवाय जुन्या प्लास्टरचे उंचवटेही उठून दिसतात. पुन्हा घेणार नाही.

दोन कटकटी आहेत, दोन्ही रंगाचे दोष नव्हेत. एक, कूलर. खिडकीखाली दीड फूट पट्ट्यात जूनअखेर फुगे आले आणि पोपडे निघाले. बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार भिंतीवर जमले ते वेगळेच. दुसरी, भेगा. आपल्या भागातली काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि पायाबरोबर भिंतही हलते. बोळाच्या दाराच्या कोपऱ्यातली तिरपी भेग पुट्टी भरून बुजवली होती, ती जुलैत आपल्या जागी परत हजर. पांढऱ्या भिंतीवर अशी भेग केसासारखी दिसते. उत्तरेच्या खोलीतल्या हिरव्यावर तेवढी दिसत नाही, हा त्या हिरव्याचा अनपेक्षित फायदा.

आणि तो हिरवा! सगळ्यात कमी चर्चा त्याची झाली होती आणि सगळ्यात जास्त कौतुक त्याचंच होतं. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो, त्यामुळे तो सकाळी जसा तसाच संध्याकाळी. सासूबाईंच्या लाल चादरी, माझी निळी, पाहुण्यांसाठी आणलेली चेक्सची, काहीही अंथरा, भांडत नाही. मूळ पांढऱ्याचंही तसंच. दहा महिन्यांत सोफ्याची खोळ मोरपंखीची विटकरी झाली, पडदे बदलले, एक जुनं कपाट सासरच्या गावाहून आलं. भिंतीला कशाचंच काही वाटलं नाही. सगळीकडे चालणारा रंग म्हणजे कुणाच्याच डोळ्यात न भरणारा रंग, असं मी आधी समजत होते. तसं असतं तर गेरू चाललाच नसता. गेरू चालतो, कारण गेरू काय आणि पिवडी काय, दोन्ही लोहाच्या मातीचेच रंग. एकाच घरातले वाटतात. उन्हातही हे मातीचे रंग लवकर उडत नाहीत. देवघराच्या भिंतीवर सकाळचं थेट ऊन येतं, तरी तिथला गेरू झाकणावर राहिलेल्या थेंबाशी अजून जुळतो.

काम चालू असताना झालेला एक घोळही लिहून ठेवते. मूळ रंगाचे डबे दोन खेपांत आले. दुसऱ्या खेपेतला डबा थेट भिंतीच्या मधूनच सुरू केला, आणि सुकल्यावर हॉलच्या लांब भिंतीवर उभी सीमारेषा दिसली. दुकानदार म्हणे मशीन चुकत नाही. चुकलं नसेलही, पण फरक होता. सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र करून ढवळले आणि ती भिंत पुन्हा एक हात मारून घेतली. पूर्ण माल एकदम आणा, एकत्र मिसळा, आणि निदान एका भिंतीला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकाच बादलीतला रंग जाऊ द्या.

पश्चिमेची खोली या दिवाळीआधी परत रंगवायची आहे. या वेळी तीन शीट बनवल्या आहेत: मूळ पांढरा, अर्ध्या मात्रेतला सातू, आणि उत्तरेच्या खोलीतला हिरवा. पुढच्या महिन्यात महालक्ष्म्या बसतील, तोवर त्या शीट तिथेच भिंतीला टेकून राहतील. आज दुपारी पाऊस थांबल्यावर मुलाने खिडकी मुद्दाम बंद केली, उन्हाळ्यातली हिरवी जाळी माळ्यावरून काढून तिच्यावर टांगली आणि पलंगावर बसून तिन्ही शीटकडे बघत राहिला. सातूकडे बोट दाखवून म्हणाला, "आई, हा अजून दोन दिवस राहू दे. पांढरा काढ."